रहाडीतली पोरं

गांगुर्डे काका कुणाच्याही घरी आले की बसण्याआधी खिसे रिकामे करायचे. रुमाल, चष्म्याचं घर, कंगवा, किल्ल्या, लवंगांची डबी, सगळं समोरच्या टीपॉयवर ओळीनं मांडायचं आणि मग खुर्चीत टेकायचं. नवखा माणूस गडबडायचा. हा गृहस्थ आता मुक्कामालाच आलाय की काय, असं त्याला वाटायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण इथले निम्मे पुरुष नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. सुटताना गेटवर झडती द्यायची सवय सगळ्यांनाच होती. बाकीच्यांची ती नोकरीबरोबर सुटली, काकांच्या अंगात मुरली. एकदा आम्ही त्यांना एका मॉलमध्ये नेलं, तर दारातल्या सिक्युरिटीवाल्यानं तोंड उघडायच्या आत यांचे दोन्ही हात वर. तो बिचारा बघतच राहिला. "घे की बाबा चाचपून, लाजतो काय?" काका म्हणाले.

माझे वडील आणि काका प्रेसमध्ये एकाच खात्यात होते आणि घरं समोरासमोर. दारं दिवसभर उघडी. मी फ्रॉक घालायच्या वयापासून त्यांना बघत आले. पुढे वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन याच घरात परत आले. त्यामुळे काका मला अगदी शेवटपर्यंत बघता आले, याचं मला फार बरं वाटतं.

अंगानं उंच, मानेत किंचित वाकलेले, आणि हात एवढे मोठे की चहाचा कप त्यांच्या मुठीत दिसेनासा व्हायचा. गाव चांदवडजवळचं, घर कांदेवाल्यांचं. इतकी वर्षं शहरात काढूनही बोलणं गावाकडचंच राहिलं. आवाज कधी चढायचा नाही, चाल कधी वाढायची नाही. "होऊ दे सावकाश" हे त्यांचं कुठल्याही प्रश्नावरचं औषध. दूध उतू चाललंय, "होऊ दे सावकाश." रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, "होऊ दे सावकाश." माझ्या लग्नात मुहूर्त टळत आला म्हणून गुरुजींनी मंगलाष्टकं गाडी पकडायची असल्यासारखी म्हणायला घेतली, तेव्हा मांडवातून काकांचा आवाज आला, "गुरुजी, होऊ द्या सावकाश. नवरी काय पळून चालली नाय." सगळा मांडव हसला. मी मुंडावळ्यांच्या आत हसले ते फोटोत आलं आहे.

पण कॉलनीत काका प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चांदवडच्या कांदेवाल्या घरातला हा माणूस दर रविवारी सकाळी इंग्लंडच्या एका बँडची तबकडी लावायचा. एकच तबकडी. घरात दुसरी नव्हतीच.

ती तबकडी आणि ते मशीन घरात कसं आलं, ही गोष्ट काका आणि सुमनकाकू दोघं मिळून सांगायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. निजायला लोखंडी पलंग पाहिजे म्हणून दोघं देवळाली कॅम्पला गेले. तिथे बदली झालेला कुणी लष्करी अधिकारी घरातलं सामान विकत होता. पलंग यांच्या आधी कुणीतरी उचलला होता. व्हरांड्यात एक रेकॉर्ड प्लेअर तेवढा उरला होता. साहेब अमेरिकेत ट्रेनिंगला गेले होते तेव्हा तिथून आणलेला. आपल्या विजेवर चालावा म्हणून त्याच्याबरोबर एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर होता. काकांनी नुसता हात लावून बघितला आणि साहेबांच्या बायकोनं आतून एक तबकडी आणून वर ठेवली. येताना साहेबांनी ती लंडनमध्ये घेतली होती, आणि बाईंचं त्या तबकडीशी मुळीच पटत नव्हतं. "ही पण घेऊन जा, माझ्यावर उपकार होतील," असं बाई म्हणाल्या, हे काकू सांगायच्या. "पलंग आनाले गयतूत आनि हाई भूत लई उनूत," पलंग आणायला गेलो आणि हे भूत घेऊन आलो, हेही काकूच म्हणायच्या. त्या सटाण्याकडच्या, त्यांच्या बोलण्यात अहिराणी असायचीच.

त्या तबकडीचं कव्हर मी अजून डोळे मिटून सांगू शकते. खांद्यापर्यंत केस वाढवलेली चार पोरं, आणि चौघांच्या तोंडावरून, कपड्यांवरून जांभळा, पिवळा, नारिंगी रंग ओघळतोय. नाव असं वळणावळणाच्या अक्षरात की ते आम्हाला कुणाला कधी नीट लागलंच नाही. आमच्या नाशकात रंगपंचमीला जुन्या रहाडी उघडतात. दगडी हौद ते, वर्षभर बुजवलेले असतात, त्या दिवशी उकळलेल्या रंगानं भरतात, आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारून नखशिखांत रंगून वर येतात. काकूंनी कव्हर पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या पोरे तर रहाडमधून निंघेल शेतस." झालं. त्या दिवसापासून तो बँड आमच्या मजल्यावर 'रहाडीतली पोरं' म्हणूनच ओळखला गेला.

रविवारी नाश्ता आटोपला की काका तबकडी काढायचे. धुतलेल्या धोतराच्या तुकड्यानं पुसायचे, मशीनवर ठेवायचे, सुई टेकवायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचे. एक बाजू पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, एवढा एकच नियम. खुर्चीची मात्र गंमत होती. ती मशीनकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची. समोरून ऐकलं की आवाज कानावर आदळतो, पाठीमागून आला की बरा लागतो, असं काका सांगायचे. आम्हाला ते पटायचं. काकांनी सांगितलेलं आम्हाला बहुतेक सगळं पटायचं.

आणि ते संगीत! आधी कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखी पेटी वाजायची. मग गिटार सुरू व्हायची, ती कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या ट्रकसारखी कण्हत. मध्येच सायकलची घंटी, मध्येच कुणीतरी हसायचं, मध्येच सगळं उलटं फिरवल्यासारखं व्हायचं. पहिल्या बाजूच्या शेवटी एक लांबलचक गाणं होतं, त्यात चक्क सतार होती. "आपल्याकडची सतार नेली, पण वाजवायची कशी ते विचारायचं राह्यलं," असं माझे बाबा म्हणायचे. गाणारा पोरगा जाड, खर्जातल्या आवाजात एकेक शब्द ओढत गायचा, जणू प्रत्येक शब्द त्याला जमिनीतून उपटून काढावा लागतोय. त्या बँडची ही पहिलीच तबकडी, हे कव्हरच्या मागे लिहिलं होतं. ते काकांनी वाचून दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मंग बरोबर शे. पहिलं बाळंतपण, आरडाओरडा जास्तीच."

मध्यंतरी काकांनी काकूंसाठी एक मराठी भक्तिगीतांची तबकडी आणली. रेडिओवर रोज लागणारी गाणी, सगळ्यांना तोंडपाठ. आम्ही सगळे जमलो. सुई टेकली आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज असा निघाला की ताप आलाय, घशाला मफलर गुंडाळलाय आणि कुणीतरी झोपेतून उठवून गायला बसवलंय. देवालाही जांभई आली असती. काकांनी शांतपणे सुई उचलली आणि निकाल दिला, "मशीन परदेशी हाय. त्याला मराठी जमत नाय." यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. माझ्या बाबांचा सगळा जन्म मशीनवर गेलेला, त्यांनीसुद्धा मान डोलावली. ती भक्तिगीतं आमच्या घरी आली, आमच्या देशी प्लेअरवर व्यवस्थित वाजली, आणि काकांचा सिद्धांत पक्का झाला. उलट तपासणी करायला हवी होती, रहाडीतली पोरं आमच्याकडे आणून लावायला हवी होती, पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काकांनी ती तबकडी घराबाहेर दिलीही नसती म्हणा.

काकू सुरुवातीला कुरकुरायच्या. पण रविवारी दुपारी त्यांच्याकडे बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत ठरलेलं, त्यामुळे तबकडी वाजायची वेळ आणि भाकरी थापायची वेळ एकच यायची. कधी ते कळलं नाही, पण काकूंचे हात त्या पोरांच्या ढोलाच्या तालाला लागले. ते सतारीचं लांब गाणं लागलं की परातीतून असा ठेका यायचा, थाप, थाप, आणि हलकेच फिरव, थाप, थाप, आणि फिरव. ढोल तिकडे, भाकरी इकडे, फरक काढता यायचा नाही. त्या गाण्याला काकू 'भाकरीचं गाणं' म्हणायच्या. आम्ही मुली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते बघायचो आणि गरम भाकरीवर लोणी मागायचो. मला आजही इंग्रजी गाणं म्हटलं की बाजरीचा वास येतो.

काकूंचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ पडलं, त्याला आम्ही हसलो. मग एक दिवस त्या आमच्या दारात येऊन माझ्या आईला विचारायला लागल्या, "माझं घर कोठे शे?" समोरचं दार उघडंच होतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे भाकरी थापता थापता मध्येच थांबायच्या आणि हातातल्या पिठाकडे हे काय आहे म्हणून बघत राहायच्या. काकांनी परात वर ठेवून दिली. काकांचा मुलगा संजय पुण्याला, तो येऊन डॉक्टरांना दाखवून गेला, गोळ्या सुरू झाल्या. तरी असे दिवस येतच गेले. एका संध्याकाळी मी तिथे असताना काकूंनी काकांकडे बोट केलं आणि मला विचारलं, "हाऊ माणूस कोन शे?" काका खुर्चीतून उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी वसंता. चांदवडचा." काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं. "बठा," त्या म्हणाल्या. काका बसले. मी घरी येऊन खूप रडले.

त्यानंतर काकूंनी जेवणं सोडलं. हट्ट नव्हता तो, तोंड उघडायचं असतं हेच बहुधा त्या विसरल्या होत्या. घास ओठाशी नेला की ओठ घट्ट. माझी आई, मी, काकूंना सांभाळायला येणारी बाई, सगळ्यांनी करून बघितलं. त्यात एक रविवार आला. काकांनी सवयीनं तबकडी लावली. भाकरीचं गाणं सुरू झालं आणि काकूंचे हात मांडीवरून उठले. थाप, थाप, फिरव. परात नाही, पीठ नाही, नुसते हात. चेहरा सैल पडला, ओठ उघडे. काकांनी ताटलीतला मऊ भात उचलला आणि घास भरवला. काकूंनी तो गिळला. पुन्हा एक. गाणं संपेपर्यंत वाटीभर भात पोटात गेला होता.

मग काय, तबकडी रविवारची राहिली नाही. सकाळ-संध्याकाळ रोज वाजायला लागली. भाकरीचं गाणं संपलं की काका उठून सुई पुन्हा मागे ठेवायचे. बिल्डिंगमध्ये कुणी तक्रार केली नाही. वरचे जोशी तर आवाज आला की म्हणायचे, "चला, वहिनी जेवायला बसल्या." असं बरेच महिने चाललं. म्हाताऱ्या मशीनला ते झेपलं नाही. एका सकाळी त्यातून जळका वास आला, तबकडी गरगर फिरता फिरता थांबली ती थांबलीच. मोटार जळाली होती.

मी काकांना म्हटलं, काळजी करू नका. माझी मुलगी रेवा कॉलेजात आहे, तिनं कव्हरचा फोटो काढला आणि दोन मिनिटांत फोनवर तो आख्खा अल्बम शोधून काढला. "काका, हा सायकेडेलिक रॉक आहे. फार भारी टेस्ट आहे तुमची," ती म्हणाली. संजयनं पाठवलेला नवा स्पीकर जोडला. भाकरीचं गाणं लागलं आणि आम्ही सगळेच दचकलो. तीच पेटी, तीच सतार, पण सगळं वरच्या पट्टीत, लगबगीत. गाणारा कोवळा पोरगा, मिसरूड फुटलेला. काकूंचे हात उठले, एक थाप पडली, दुसरी चुकली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. मग हात पदराशी चाळा करायला लागले आणि ओठ मिटले. काका रेवाला समजुतीनं म्हणाले, "चेहरे तेच हायेत, पोरी. पण ही पोरं आपली नाय."

चार-पाच दिवस काकूंच्या पोटात दोन-चार चमचे पाण्याखेरीज काही गेलं नाही. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. आणखी दोन-तीन दिवस वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, असं म्हणाले. नळी ओढून काढतात म्हणून पुष्कळदा हात बांधून ठेवावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. काका फक्त काकूंच्या हातांकडे बघत होते.

जुन्या नाशकात दूध बाजारामागे रफिकभाईंचं दुकान आहे, रेडिओ आणि असली जुनी मशीन दुरुस्त करण्याचं. मी आणि काका रिक्षात मशीन मांडीवर घेऊन तिथे गेलो. अमेरिकन मोटार मिळणं शक्यच नव्हतं, रफिकभाईंनी एक देशी बसवली. ट्रान्सफॉर्मरही काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही आणायला गेलो, तेव्हा त्यांनी हौसेनं आमच्याच तबकडीवर सुई ठेवून दाखवली. तीच लगबग. तोच मिसरूड फुटलेला पोरगा.

"हे नाय," काका म्हणाले. "हे फोनमधलं हाय."

रफिकभाई हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा जलद तालाची. ट्रान्सफॉर्मरनं तिचा जोर जुळवला जातो, ताल नाही. तिथल्या तालावर बनवलेली मोटार आपल्याकडे पहिल्या दिवसापासून हळू फिरत होती. "चाचा, इतने साल आपका घोडा लंगडा के चल रहा था. अब सही दौड रहा है."

काकांना ते कळायला थोडा वेळ लागला. मलाही लागला. कव्हरवरची पोरं, विहिरीतली पेटी, तो खर्जातला आवाज, मराठी न जमणारं मशीन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून फिरून गेलं.

"म्हणजे त्या पोरांनी असं गायलंच नाय कधी? आमच्या घरी वाजायचं तसं?"

"नहीं चाचा."

काकांनी काउंटरवर ओळीनं मांडलेल्या वस्तू एकेक करून खिशात भरल्या. रुमाल, चष्म्याचं घर, कंगवा. मला वाटलं, निघाले. लवंगांची डबी हातात घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "रफिकभाई, परत बिघडवून द्या."

रफिकभाईंचा चेहरा पडला. "चाचा, मैं बनाने का काम करता हूँ. बिगाडने का आजतक नहीं किया."

"माझी मंडळी त्याच्याशिवाय जेवत नाय," काका म्हणाले. बाकीचं मी सांगितलं. हात, भाकरी, नळी. रफिकभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि मोटार पुन्हा उघडली. मोटारीच्या दांड्यावर पितळेची एक बारकी टोपी असते, ती घासून बारीक केली की तबकडी हळू फिरते, असं म्हणाले. पण त्या मापाची त्यांच्याकडे ती एकच होती. जास्त घासली गेली तर घासलेलं परत जोडता येत नाही. "कितना धीमा चाहिए?"

ते कुणाला ठाऊक? कुणी कधी मोजलं होतं? मी काकांकडे बघितलं. काकांनी लवंगांची डबी खाली ठेवली, स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीपुढे धरले. त्या मोठ्या हातांनी हवेत भाकरी थापायला सुरुवात केली. थाप, थाप, आणि हलकेच फिरव. फिरवताना डाव्या हाताची करंगळी जराशी उचलायची, अगदी काकूंची उचलायची तशी. या माणसानं जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता. त्याला हे कुठून आलं, असं मी मनात म्हणतेय तोवर मला ती खुर्ची आठवली. मशीनकडे पाठ केलेली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड असलेली. पाठीमागून आवाज बरा लागतो म्हणे! इतके रविवार आम्ही समजत होतो की काका गाणी ऐकतायत.

रफिकभाई टोपी घासायचे, बसवायचे, सुई ठेवायचे. काका थापत राहायचे. "अजून," म्हणायचे. टोपी पुन्हा निघायची. "अजून थोडी." शेजारचा घड्याळवाला येऊन उभा राहिला, चहावाला कप द्यायचं विसरला. दुपार अशीच गेली. शेवटी शेवटी तर रफिकभाई पट्टीच्या कानशीनं नुसता एक हात मारायचे आणि श्वास धरून काकांच्या हातांकडे बघायचे. मग एकदा सुई टेकली, विहिरीतून पेटी उमटली, ढोल आला, आणि ढोल आणि काकांचे हात एकावर एक पडले. "बास," काका म्हणाले. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. रफिकभाईंनी कानस लांब सरकवून ठेवली आणि कामाचे पैसे घ्यायला ठाम नकार दिला. बिघडवण्याची मजुरी घेत नाही, म्हणाले.

त्या संध्याकाळी तबकडी लागली तेव्हा आमचं घर, काकांचं घर आणि जिना सगळीकडे माणसं उभी होती. सतार सुरू झाली. काकूंच्या मांडीवरचे हात थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग उजवा उठला, डावा उठला. थाप, थाप, फिरव. काकांनी घास पुढे केला. काकूंनी तोंड उघडलं.

नळी लागली नाही. त्या पुढचा उन्हाळा आणि पावसाळा काकू होत्या, रोज पोरांच्या संगतीनं जेवत होत्या, आणि एका पहाटे स्वतःच्या घरात शांतपणे गेल्या. त्यांचे हात शेवटपर्यंत मोकळे होते.

काकूंचे दिवस झाले तरी काकांनी तबकडी लावली नाही. संजय पुण्याला चला म्हणाला, काका होऊ दे सावकाश म्हणाले. एकदा ते आमच्याकडे आले, खिसे रिकामे केले, बसले आणि रेवाला म्हणाले, "तुझ्या फोनमधली पोरं लाव बघू. त्यांचं म्हणणं काय ते तरी ऐकू." तिनं लावलं. काकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं, घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकावं तसं, मध्ये एक शब्द न बोलता. संपल्यावर म्हणाले, "चांगली हायेत. हुशार हायेत. पहिलीच तबकडी ना त्यांची, घाई होनारच." मग म्हणाले, "आपनबी घाई केली असती, पोरी. पन आपलं मशीन बरं निघालं."

काका नंतर फार दिवस राहिले नाहीत. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. पण मला ते दिसतात ते त्याच्या थोडं आधीच्या एका रविवारी. मी त्यांच्यासाठी डबा घेऊन निघाले आणि माझ्या दारातच थबकले. पोरं वाजत होती. हळू, खर्जात, आमची. काकांचं दार उघडं, पण खुर्ची रिकामी. आत गेले तर काका स्वयंपाकघरात. ओट्यावर एका कडेला रुमाल, चष्म्याचं घर, कंगवा, किल्ल्या, लवंगांची डबी ओळीनं मांडलेली. पुढ्यात काकूंची परात. कोपरापर्यंत बाजरीचं पीठ, आणि भाकरीचं गाणं लागलेलं. भाकरी थापता थापता फाटायची, ते ती गोळा करायचे आणि ढोलावर पुन्हा सुरू करायचे. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पिठाचं बोट ओठावर ठेवलं. बाजू अजून संपली नव्हती.

मी डबा हातात घेऊन उंबऱ्यावर बसले, लहानपणी बसायचे तिथेच. गाणं संपलं. काकांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली, हाताला चटके सोसत अर्धी मोडून मला दिली.

"जाड झालीय," ते म्हणाले. "फाटलीय पन. पन विजू, ठेक्यात हाय."

भाकरी मध्ये कच्ची होती. मी सगळी खाल्ली आणि उरलेली अर्धीही मागून घेतली.